कुलपातला धोंडा

१

बारामतीच्या एसटी स्टँडवर हवालदार ज्ञानदेवांनी आपली राजदूत मोटारसायकल उभी केली, करगोट्याला बांधलेल्या किल्लीने साखळीचं कुलूप काढलं आणि हमालाला सांगितलं, "काढ रं ती पेटी. जपून हां." हमालाने सायलेन्सरच्या अंगाच्या पिशवीतला रेनकोट सारला, दोन्ही हात आत घातले आणि हाताला लागलं ते बाहेर काढलं. तो धोंडा होता.

हमाल हसला. "हवालदार, धोंडा न्हेता व्हय पुण्याला?" ज्ञानदेवांना हसू आलं नाही. त्यांनी दुसरी पिशवीही उपसली. शेंगदाण्याची पुडी, पाना, जुना टॉवेल. पुण्याची गाडी समोरून निघून गेली आणि तीस वर्षं नोकरी केलेला तो माणूस फलाटाच्या कडेला मटकन खाली बसला.

पेटीत काचेच्या दोन बरण्या होत्या. त्यांत निरवांगीच्या उत्कर्षाच्या पोटातले भाग मिठाच्या पाण्यात ठेवले होते. पोरगी विशीतली. लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. रात्रभर ओकाऱ्या झाल्या आणि सकाळी संपली. सासरा रामहरी म्हणाला पोटात कळ आली. नवरा ऋषिराज म्हणाला ती आधीपासून नाजूकच. शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांना मात्र तोंडाचा वास खटकला होता. त्यांनी बरण्या भरल्या, लाखेचं सील केलं आणि मरणाचं कारण पुण्याच्या प्रयोगशाळेवर सोडलं. मयत ताब्यात मिळताच सासरच्यांनी ते त्याच संध्याकाळी पेटवून टाकलं. तिच्या मरणाची साक्ष द्यायला आता त्या दोन बरण्यांशिवाय काही उरलं नव्हतं. बरण्या गेल्या म्हणजे खटलाच गेला.

आणि गेल्या त्या कुठून, तर ज्ञानदेवांच्या कुलपातून! बाजारात एकदा पिशवी गेल्यापासून या माणसाने धडा घेतला होता. ताडपत्रीच्या दोन पिशव्या, मधला पट्टा सीटखालून बोल्टने आवळलेला. दोन्ही झाकणांच्या पितळी कड्यांतून एकच साखळी, तीच पुढे कॅरिअरला वेढा घालून कुलपात. ठाण्यात सगळे चेष्टा करायचे, की ज्ञानदेवरावांच्या पिशवीत शिरायचं तर उंदरालाही अर्ज करावा लागतो.

कुलूप शाबूत होतं, साखळी शाबूत होती, पिशवीची शिवण उसवलेली नव्हती. किल्ली कंबरेला होती.

मोठ्या साहेबांनी फौजदार प्रियदर्शनीला बोलावलं. "सरळ आहे बाई. किल्लीवाल्यानेच विकली. त्याला निलंबित करा आणि मोकळ्या व्हा."

या कामावर ज्ञानदेवांना तिनेच पाठवलं होतं. सगळ्या ठाण्यात ज्याच्या हातून काही सांडत नाही असा एकच माणूस, म्हणून.

२

ज्ञानदेव ठाण्याच्या ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. पाय धुळीने भरलेले, टाचांना भेगा, अंगावर वर्दी आणि पायांत काही नाही. प्रियदर्शनी समोर खुर्ची ओढून बसली.

"पेटी कुणी ठेवली पिशवीत?"

"म्या."

"स्वतःच्या हाताने?"

"माज्याच हातानं, बाई. दुसऱ्या कुनाचा हात लागू देईन व्हय?" बोलताना त्यांची नजर आपल्या टाचांवर होती.

"वाटेत कुठे थांबलात?"

"वालचंदनगरच्या फाट्यावर. च्या घेतला. दुसरं काय चालत न्हाय मला. तितं तो ऋषिराज आला, चुलतभावाला घेऊन. हवालदार, काय मिटतंय का बगा, म्हनला. म्या च्या अर्धा टाकून उठलो."

"गाडी दिसत होती?"

"न्हाय. हाटेलाच्या मागं, झाडाखाली."

प्रियदर्शनीच्या मनात चक्र फिरू लागलं. नवरा तिथे होता, गाडी नजरेआड होती. गुळाला मुंगळा लागावा तसा संशय आपोआप त्याला चिकटत होता. मग कुलूप? कुणी बनावट किल्ली केली, पेटी काढली, धोंडा भरला आणि पुन्हा कुलूप लावून गेला? एवढा सोपस्कार चोर करतो का?

"धोंडा कशाला भरला असेल?" तिने विचारलं.

याचं उत्तर मात्र ज्ञानदेवांनी चटकन दिलं. "एक पिशवी हलकी पडली की दुसरी खाली वढती. गाडी चालवनाऱ्याला वळनावर लगी कळतं. वज्याची बाजू ज्याला कळती त्याचंच काम हे."

तिने धोंडा टेबलावर घेतला, उलटा केला आणि बोट फिरवलं. बोट काळं झालं. धोंड्याची एक बाजू काजळीने माखलेली होती.

३

फाट्यावरचं हॉटेल तिने आधी पाहिलं. चहा रॉकेलच्या स्टोव्हवर, भजी विटांच्या सिमेंट केलेल्या भट्टीवर. मागच्या झाडाखाली मुरूम आणि बिड्यांची थोटकं. काजळी लागलेला धोंडा तिथे शोधून सापडला नसता.

तिथून ती रामहरीच्या वस्तीवर गेली. बंगल्यापुढे ट्रॅक्टर, पलीकडे ऊस. रामहरीने स्वतः खुर्ची पुसून दिली. सून जाऊन आठवडा व्हायचा होता, पण घरात रडण्याची खूण नव्हती.

"ऐकलं आमी," तो म्हणाला. "वाईट झालं. पन बाई, पोरगी गेली ती गेली. आता बरन्या सापडल्या काय, न सापडल्या काय? देवाची विच्छा."

"मयत इतक्या घाईने का जाळलंत? तिच्या आईची वाटही पाहिली नाहीत."

"मयत जास्त येळ ठेवू नये."

ऋषिराज खांबाला टेकून उभा होता. तिने धोंडा त्याच्यापुढे धरला. त्याने धोंड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा सैल पडला. त्या चेहऱ्यावर नुसती सुटका होती. प्रियदर्शनीला त्याची शिसारी आली.

"फाट्यावर व्हतो मी, न्हाय म्हनत न्हाय," तो म्हणाला. "पन मला पेटी घ्यायची असती तर पिशवी फाडून घेतली असती. परत कुलूप लावत बसलो असतो का? कुनी का न्हेईना, माजं कामच केलं त्यानं."

"ऋष्या!" रामहरी ओरडला. शब्द मात्र तोंडातून निघून गेले होते.

परतताना जीपमध्ये प्रियदर्शनी मनाशी कबूल करत होती, की हा माणूस बायकोचा खुनी असेल, बरण्यांचा चोर नाही. पेटी नाहीशी होऊन त्याचाच फायदा होत होता आणि तरी ती त्याने घेतलेली नव्हती. मग ज्याला कसलाच फायदा नाही अशा कुणाला हवी होती ती?

४

निरवांगीला उत्कर्षाच्या आईचं, अक्काबाईचं घर गावाबाहेर, शेताच्या बांधालगत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक एकुलती एक. दारात चपलांचा ढीग होता. आत बायका रडत होत्या, पुरुष सरकारच्या नावाने बोटं मोडत होते. पेटी चोरीला गेल्याची बातमी गावात प्रियदर्शनीच्या आधी पोचली होती.

अक्काबाई भिंतीशी बसली होती. ती रडत नव्हती.

"आक्का, आम्ही शोधतोय," प्रियदर्शनी म्हणाली. "ज्याने कुणी नेली असेल त्याला..."

"मंजी आता पुन्याला काय जानार न्हाय?" अक्काबाईने विचारलं.

"सापडली नाही तर कसं जाणार?"

"बरं," अक्काबाई म्हणाली आणि पदराचं टोक हाताच्या बोटाला गुंडाळत राहिली.

शेजारची छबूबाई पिठलं-भाकरी घेऊन आली. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीच जेवण पुरवतात. तिने एक घास चाखला आणि कपाळावर हात मारला. "माजं ध्यान कुठं हाय बगा. मीठ घालायचंच ऱ्हायलं. आक्का, तुजं मीठ कुठं हाय गं?" ती मडकं चाचपून परत आली. "अगं, पार खडखडीत! लोनच्यासाठी आठवडी बाजारातनं खडेमीठ आनलं हुतंस की पोतंभर. गेलं कुठं?"

"सांडलं," अक्काबाई म्हणाली.

प्रियदर्शनी घरामागे हात धुवायला गेली. बांधाच्या कडेला, लिंबाखाली, वीतभर उंचवटा होता. माती ओली, नुकतीच थापलेली, आणि वरून बाभळीच्या काट्या रचून त्यांवर दगड ठेवलेले.

"हे काय लावलंय?" तिने छबूबाईला विचारलं.

"काय म्हाईत. भाजीचं आळं आसंल. कुत्री उकरत्यात म्हून काट्या टाकल्या आसत्याल."

लेक गमावून आठवडाही न झालेल्या बाईने भाजीचं आळं केलं होतं. प्रियदर्शनीला ते विचित्र वाटलं, पण दुःखात माणूस काय करेल याचा नेम नसतो, असं म्हणून तिने तो विचार तिथेच सोडला. पेटी जिथून निघाली होती त्या दवाखान्याकडे जीप वळवली.

५

सरकारी दवाखान्याच्या मागच्या आवारात चिंचेखाली चुली होत्या. लांबून आलेले नातेवाईक तीन धोंडे मांडतात, पेशंटसाठी पेज शिजवतात आणि धोंडे तसेच टाकून जातात. प्रियदर्शनी एकेका चुलीपुढून चालत गेली. शवागाराच्या ओट्याला लागून एक थंडगार चूल होती आणि तिला दोनच धोंडे होते.

तिने टेबलावरचा धोंडा सोबत आणला होता. तो मोकळ्या जागी ठेवला. काजळीची बाजू बरोबर आत आली.

म्हणजे चोरी वाटेत झालीच नव्हती. कुलूप लागण्याआधीच पेटी गेली होती. ज्ञानदेवांनी स्वतःच्या हाताने धोंड्यालाच कुलूप लावलं होतं!

शवागाराचा शिपाई सिद्धू ओट्यावर तंबाखू मळत होता. चुलीपुढे उभी असलेली फौजदारीण बघून त्याचा मळता हात थांबला.

"पेटी हवालदारांच्या हातात दिलीस?"

"हातात न्हाय. ओट्यावर ठिवली. त्येच म्हनलं, ठिव तितं."

"ते कुठे होते?"

"लांब. त्या नळापाशी. तोंड फिरवून."

प्रियदर्शनीला एकेक गोष्ट आठवत गेली. ज्ञानदेवांचे अनवाणी पाय, भेगाळलेल्या टाचा. "दुसरं काय चालत न्हाय मला." भाकरीऐवजी शेंगदाण्याची पुडी. स्टँडवर कुलूप स्वतः काढून पेटीला मात्र हमालाचे हात. नवरात्र चालू होतं आणि ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्या घरात छप्पन्न सालापासून घट बसले नव्हते. आजोबांनी धम्मदीक्षा घेऊन देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले ती गोष्ट ऐकत ती वाढली होती. घट बसलेल्या घरचा माणूस अनवाणी चालतो, उपास करतो आणि मेलेल्याच्या वस्तूला हात लावत नाही, हे दुसऱ्या कुणाही बाईला बघताक्षणी कळलं असतं.

तिने जीप पाठवून ज्ञानदेवांना आणवलं. राजदूतही मागोमाग आणली.

"सायलेन्सर कुठल्या अंगाला आहे?" तिने विचारलं.

ज्ञानदेवांनी मुकाट्याने बोट दाखवलं.

"पंधरा वेळा तरी अशा पेट्या तुम्ही पुण्याला नेल्यात. माल तापू नये म्हणून दर खेपेला सायलेन्सरच्या पलीकडच्या अंगाच्या पिशवीत ठेवता. मला तुम्हीच शिकवलंत ते. मग या वेळी धोंडा सायलेन्सरच्या अंगाला कसा? ज्याने ठेवला त्याला हे माहीत नव्हतं. ज्ञानदेवराव, पेटी तुम्ही ठेवली नाहीत."

म्हाताऱ्या हवालदाराने टोपी काढून हातात घेतली.

"घरी घट बसल्यात, बाई. नातवाला बरं न्हाय म्हून यंदा कडक धरलंय. म्हनलं हात लागाया नको. बाजू चुकली ते बी मला कळलं, वजन त्या अंगाला लागलं तवा. पन बदलायची तर हात लावावा लागला आसता. मग तसंच कुलूप घातलं." त्यांनी डोळे पुसले. "नोकरी जाईल म्हून खोटं बोललो."

"कुणाला ठेवायला सांगितलंत?"

"हितं चुलीपाशी एक बाई बसली हुती. म्हनलं, मावशे, एवढी पेटी त्या पिशवीत ठिव. व्हय म्हनली."

"कोण होती?"

"पदर तोंडावर हुता. जवळ बोचकं हुतं. म्या तोंड फिरवून हुबा. ठिवली म्हनली, मंग कुलूप घातलं."

सिद्धूने तंबाखू झटकून टाकली. त्याला ती बाई माहीत होती. "दिस उगवायच्या आधीच येऊन बसली हुती ती, बाई. त्या मेलेल्या पोरीची आय. बरनीत काय हाय म्हून सारकी इचारत हुती."

"तू काय सांगितलंस?"

सिद्धूने मान खाली घातली. "म्हनलं, पोटातलं काढून पुन्याला पाठवत्यात. तितं कालेजातली पोरं चिरून शिकत्यात."

६

निरवांगीला पुन्हा पोचेपर्यंत उन्हं कलली होती. पाहुणे पांगले होते. अक्काबाई बांधावर, त्या उंचवट्याशेजारी बसली होती. जीपमधून प्रियदर्शनी आणि ज्ञानदेव उतरताना तिने पाहिलं आणि ती उंचवट्यावर आडवा हात टाकून बसली.

भाजीचं आळं ते! काट्या आणि दगड कशासाठी असतात ते प्रियदर्शनीला आता उमगलं. तान्हं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत. पुरतात, खाली-वर मीठ घालतात आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काट्या रचतात.

ती अक्काबाईजवळ मातीत बसली.

"आक्का, मला माहीत आहे इथे काय आहे."

"न्हाय उकरू देनार," अक्काबाई म्हणाली. "मला तोंड दावलं न्हाय तिचं. येईस्तवर राख केली त्यांनी. ह्येवडी उरली ती बी चिरायला न्ह्येत हुता. ह्यो बाबा म्हनला, ठिव पिशवीत." तिने ज्ञानदेवांकडे पाहिलं. "मी आय हाय तिची. मी ठिवनार व्हय तिला कुलपात?"

"फोडली नाहीस ना पेटी?"

"फोडू कशी? हाय तशीच निजवलीय."

म्हणजे सील शाबूत होतं. मग तिला स्वतःचाच राग आला. या बाईचा जबाब तिनेच घेतला होता. लग्न कधी झालं, भांडणं होती का, शेवटचं बोलणं कधी झालं, सगळं विचारलं होतं. बरण्या कशासाठी आहेत, हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. तिच्याच लेकीचा पुरावा होता तो आणि तिलाच ते ठाऊक नव्हतं.

"आक्का, सिद्धूने तुला खोटं सांगितलं. पुण्याला कुणी पोरं शिकत नाहीत त्यावर. तिला काय घातलं ते तिथे कळतं. उत्कर्षा आता बोलू शकत नाही. त्या बरण्यांतून तेवढं बोलेल ती. तू तिला इथे ठेवलंस तर ऋषिराज सुटला. आज त्याच्या तोंडावर मी सुटका बघून आलेय."

अक्काबाईचा हात उंचवट्यावरून फिरत होता, झोपलेल्या लेकराला थोपटावं तसा.

"मंजी म्या त्याला वाचवत हुते?" तिने विचारलं.

प्रियदर्शनीने मान डोलावली.

अक्काबाईने काट्या स्वतः बाजूला केल्या. खुरपं आणू दिलं नाही, हातानेच माती काढली. खाली मिठाचे खडे लागले, मग जुन्या लुगड्याची घडी, मग पेटी. लाखेवरचा शिक्का उमटलेला तसाच होता. छबूबाई आणि गावचे दोन पंच बोलावले, प्रियदर्शनीने पंचनामा केला आणि काहीही लपवलं नाही. ऋषिराजचा वकील या पंचनाम्याची लक्तरं करणार, सील शाबूत असूनही करणार, हे तिला दिसत होतं. तरी खरं लिहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ज्ञानदेवांनी आपला जबाब स्वतः सांगितला, घटासकट आणि खोट्यासकट, आणि खाली सही केली. त्या सहीने नोकरी जाणार हे माहीत असूनही त्यांचा हात थांबला नाही.

मग ते पुढे झाले आणि त्यांनी पेटीला दोन्ही हात घातले. "द्या हिकडं, आक्का. माजी चूक हाय. या येळी मी ठिवतो."

अक्काबाईने पेटी सोडली नाही. "पिशवीत नगं," ती म्हणाली. "कुलूप बी नगं. मी मांडीवर घेते."

हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. प्रियदर्शनीने जीपचं मागचं दार उघडलं आणि ती स्वतः तिच्या शेजारी बसली, पेटीवरून नजर न काढता. बारामती मागे गेली, पुढे पुणं आलं. सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी कारकुनाने पावतीचं पुस्तक पुढे ओढलं आणि पेटी घ्यायला हात केला. अक्काबाईचे हात काही केल्या सुटेनात.

"ओ मावशी, सोडा की," कारकून म्हणाला.

"हळू घ्या," अक्काबाई म्हणाली. "लई हाल झाल्यात तिचं. आन् बोलली तर मला सांगा, काय बोलली ती."

कारकुनाला काही उमजलं नाही. त्याने पेटी आत ठेवली, सीलवरचं नाव वाचून पावती फाडली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.